इंग्रजी संभाषणाच्या वर्गात गिरणगाव आणायचे आहे. प्रकल्पाची आखणी कशी करावी?

परळची शिक्षिका

नमस्कार. मी गेली सहा वर्षे परळला एका वाचनालयाच्या माडीवर संध्याकाळी साडेसात ते नऊ या वेळेत इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेते. सध्या अठरा विद्यार्थी आहेत. सर्वांत लहान मुलगा एकोणीस वर्षांचा, तर सर्वांत मोठ्या ताई चव्वेचाळीस वर्षांच्या. कोणी साडीच्या दुकानात विक्रेता आहे, कोणी कुरिअर पोहोचवतो, दोघी रुग्णालयात आया म्हणून काम करतात आणि मोठ्या ताईंचे स्वतःचे पोळीभाजी केंद्र आहे. बहुतेक सगळे मराठी माध्यमातून दहावी-बारावी झालेले. फळ्यावर वाक्य लिहून दिले तर त्याचा पॅसिव्ह बिनचूक करतात. मात्र ‘काल संध्याकाळी काय केले’ एवढे इंग्रजीत विचारले की खोलीत फक्त पंख्याचा आवाज राहतो.

यापूर्वी मी एका खासगी संस्थेत शिकवत असे. तेथील छापील पुस्तकात विमानतळ, हॉटेलातील आरक्षण, परदेशी पाहुण्यांचे स्वागत असे पाठ होते आणि ते संवाद मुलांकडून तोंडपाठ करून घ्यायचे होते. एका विद्यार्थ्याने मला सरळ सांगितले, ‘मॅडम, विमानतळावर मी रोज जातो, पण पार्सल द्यायला. आत काय बोलतात ते मला विचारू नका.’ त्या तुकडीतील निम्मे विद्यार्थी आठव्या आठवड्यापर्यंत गळाले, आणि खरे सांगायचे तर त्यांचे फारसे चुकले असे मला वाटले नाही.

म्हणून आता बारा आठवड्यांचा, आठवड्याला तीन वर्गांचा, पूर्णपणे प्रकल्पावर आधारलेला अभ्यासक्रम बांधावा असे मनात आहे. चार-पाच जणांचे गट करायचे, प्रत्येक गटाने आपल्याच परिसरातील एक विषय घ्यायचा, म्हणजे चाळ, गिरणी, खाणावळ, मासळी बाजार असे काही. लोकांना भेटायचे, माहिती गोळा करायची आणि शेवटी इंग्रजीत प्रदर्शन मांडायचे. गेल्या वर्षी याचा एक छोटा प्रयोग केला होता. विषय डबेवाल्यांचा दिला. चारही गट उभे राहिले आणि चारही गटांनी मोबाइलवरून उतरवलेली तीच वाक्ये म्हटली: १८९० साली सुरुवात, रोज दोन लाख डबे, चूक जवळजवळ नाही. माझ्या वर्गातील एका मुलाचे सख्खे मामा डबे पोहोचवतात, हे मला तो कार्यक्रम संपल्यावर कळले. तो त्यांच्याविषयी एक शब्दही बोलला नव्हता.

माझी मुख्य अडचण अशी की, माहिती गोळा करण्याचे सगळे काम मराठीतच होणार. लालबागच्या आजोबांशी कोणी इंग्रजीत बोलणार नाही आणि बोलूही नये. मग इंग्रजी नेमके कोठे येते? शिवाय भोंगा, खाणावळ, वाळवण या शब्दांचे इंग्रजीत काय करायचे, आणि ‘हे सगळे आम्हाला माहीत आहे, तुम्ही ग्रामर घ्या’ असे म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यायचे, हेही मार्गदर्शन मिळाले तर आभारी राहीन.

ठाणे_निवृत्त_प्रशिक्षक

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच सांगितलेल्या मामांच्या गोष्टीत आहे. तो मुलगा मामांविषयी बोलला नाही, कारण समोर बसलेल्यांपैकी कोणालाही ते ऐकण्याची गरज नव्हती. वर्गातील सर्वांना डबेवाला ठाऊक, तुम्हालाही ठाऊक. ज्याला सगळे माहीत आहे त्याला परक्या भाषेत तेच पुन्हा सांगणे ही परीक्षा झाली, संभाषण झाले नाही. आणि परीक्षा म्हटली की माणूस गाइड उघडतो. पूर्वी पुस्तकी गाइड असे, आता मोबाइल आहे, एवढाच फरक.

तेव्हा विषय काय घ्यावा याआधी ऐकणारा कोण हे ठरवावे, अशी माझी सूचना आहे. विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धती मांडली तेव्हा त्यांचा सगळा भर करणाऱ्याच्या स्वतःच्या हेतूवर होता. आपल्याकडे प्रकल्प म्हटला की तक्ते, थर्माकोल आणि स्केचपेन एवढेच उरले आणि हेतू बाजूला राहिला. पुढे १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातील साध्या शाळांमध्ये इंग्रजीचा जो प्रयोग केला, त्यात त्यांनी कृतींचे तीन प्रकार पाडले होते, आणि त्यांतील पहिला माहितीच्या दरीचा: एकाजवळ माहिती आहे, दुसऱ्याजवळ नाही, आणि ती पोहोचवल्याखेरीज काम पुढे सरकत नाही. तुमच्या प्रयोगात ही दरीच नव्हती.

मुंबईत ऐकणारा शोधताना एक अडचण येते, तिच्याकडे आधी लक्ष वेधतो. समोरच्याला मराठी येत नसेल तर आपण क्षणार्धात हिंदीवर जातो, तेही कळण्याआधीच. म्हणून ऐकणारा असा हवा की ज्याला मराठी तर नाहीच, पण हिंदीही धड येत नाही. परळमध्ये अशा माणसांची वाण नाही. तुमच्या भागातील मोठ्या रुग्णालयांत केरळ, तमिळनाडू आणि ईशान्येकडील राज्यांतून नुकत्याच आलेल्या परिचारिका आहेत, शिकाऊ डॉक्टर आहेत. त्यांना या शहरात राहायचे आहे, त्यामुळे खानावळ कोठे आहे येथपासून गणपतीत कोणता रस्ता बंद असतो येथपर्यंत सगळे जाणून घेण्याची त्यांना खरी गरज असते. त्यांचे इंग्रजीही आपल्यासारखेच, शिकून आलेले. गोरा साहेब समोर आणून बसवला तर आपले विद्यार्थी अधिकच गप्प होतात, हे मी दोनदा पाहिले आहे.

एकदा ऐकणारा ठरला की मराठी मुलाखतीची चिंता करण्याचे कारण उरत नाही. मराठीत ऐकायचे आणि ते दुसऱ्याला इंग्रजीत समजावून द्यायचे, हे भाषिक मध्यस्थीचे काम आहे. कौन्सिल ऑफ युरोपच्या भाषा-आराखड्यात २००१ पासून मध्यस्थीला संवादाच्या जोडीने स्थान आहे, आणि २०२० च्या पूरक खंडात तर तिच्या पायऱ्याही सविस्तर दिल्या आहेत. मुंबईचा माणूस हे काम दिवसभर मराठी-हिंदीत करतच असतो. आपण त्यात फक्त तिसरी भाषा घालतो आहोत.

आखणीविषयी थोडक्यात सांगतो. पहिले दोन आठवडे बाहेर पडूच नका. प्रत्येकाने घरातील एक वस्तू आणावी, जिचे इंग्रजी नाव आपल्याला येत नाही: पुरणयंत्र, सोऱ्या, विळी, काहीही. नाव न घेता ती समजावून सांगायची. ‘इट इज अ काइंड ऑफ’, ‘वी यूज इट टू’, ‘इट इज लाइक… बट’ या तीन वाक्यांवर माणूस फार दूर जातो. तुमच्या भोंगा, खाणावळ, वाळवण यांचे उत्तर हेच आहे. शब्द तसाच ठेवा आणि तो समजावून सांगा. त्याचे भाषांतर शोधत बसलात तर संभाषणाची सर्वांत चांगली संधी हातची जाते. त्यानंतरचे तीन आठवडे भेटीगाठींचे, आणि सहाव्या आठवड्यापासून पाहुणे वर्गात येऊ द्या, एकेक, दोन-दोन, शेवटपर्यंत.

आणि कृपा करून शेवटच्या दिवशी प्रदर्शन ठेवू नका. प्रदर्शनात गटातील जो सर्वांत धीट तो बोलतो, बाकीचे तक्ता धरून उभे राहतात. त्याऐवजी अठरा ठिकाणी अठरा जण बसवा आणि पाहुण्यांना फिरू द्या. प्रत्येक विद्यार्थ्याला तीच तीन मिनिटे सहा वेगवेगळ्या माणसांपुढे सहा वेळा बोलावी लागतील. पहिल्या खेपेला अडखळतो, चौथ्या खेपेला हात हलवून बोलू लागतो. घोकंपट्टी आणि सराव यांतील फरक तेव्हा डोळ्यांना दिसतो, कारण प्रत्येक पाहुणा वेगळा प्रश्न विचारतो.

शिवडीकर

वरील सूचना उत्तम आहेत. परंतु ‘गिरणी’ हा विषय यादीत पाहून थोडे थांबावेसे वाटले, म्हणून लिहितो.

माझे वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी सहावीत होतो. त्यानंतर आमच्या घरी काय झाले ते येथे लिहिण्याचे कारण नाही. अडीच लाख घरांपैकी ते एक घर. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाची मुले ‘प्रोजेक्ट’साठी आली होती. आत आल्या आल्या मोबाइल वडिलांच्या तोंडापुढे धरला आणि ‘संपात तुम्हाला कसे वाटले’ असे विचारले. वीस मिनिटांत काम उरकून गेली. त्या ध्वनिमुद्रणाचे पुढे काय झाले, कोणत्या वर्गात ते वाजवले गेले, त्यावर किती गुण मिळाले, आम्हाला आजतागायत कळलेले नाही. वडील त्या रात्री जेवले नाहीत.

त्यामुळे माझी विनंती अशी की, पहिल्या भेटीत मुलांनी मोबाइल खिशात ठेवावा. आणि दुःख विचारू नये, काम विचारावे. वडिलांना आज ‘तुटलेला धागा कसा जोडायचात’ असे कोणी विचारले तर ते सोफ्याच्या कव्हराचा दोरा ओढून घेतात, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दोन टोके धरतात आणि काही दिसायच्या आत गाठ पडलेली असते. पुन्हा करून दाखवा म्हटले की पुन्हा करतात, सावकाश, आणि तरीही दिसत नाही. त्या गाठीवर तुमचा एक विद्यार्थी तीन मिनिटे काय, दहा मिनिटे बोलू शकेल, आणि संपाविषयी त्यांना स्वतःहून सांगावेसे वाटले तर ते सांगतीलच. शिवाय जे मराठीत ध्वनिमुद्रित केले असेल त्याची एक प्रत त्या घरी परत द्यावी. इंग्रजी तुमच्या पाहुण्यांसाठी असेल. मराठी त्या माणसाची आहे.

शब्द तसेच ठेवण्याविषयी एक गंमत सांगतो. कायम कामगाराच्या जागी त्या त्या दिवसापुरता घेतला जाणारा तो ‘बदली’. हा शब्द गिरणीच्या दारातून थेट कायद्यात गेला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या इंग्रजी पाठातही तो ‘बदली’ म्हणूनच आला. तेव्हा मुलांनी आपले शब्द इंग्रजीत वापरताना संकोच करू नये.

व्याकरणाची_वही

‘ग्रामर घ्या’ म्हणणाऱ्यांची बाजू मला थोडी घ्यावीशी वाटते, कारण मी स्वतः त्यांच्यातलीच आहे. त्यांना व्याकरण नको आहे असे समजू नका, आणि प्रकल्पात ते आपोआप येईल असेही म्हणू नका. ते काढून दाखवावे लागते. सुदैवाने विषय योग्य निवडला की व्याकरण त्याच्या पोटातच असते.

चाळीतील जुन्या दिवसांविषयी बोलताना मराठीत ‘नळाला पाणी पहाटे चारला येत असे’, ‘आई रांग लावत असे’ अशीच वाक्ये येतात. हे ‘-त असे’ म्हणजे इंग्रजीतील ‘यूज्ड टू’. आपल्या मुलांना हा प्रयोग पुस्तकातून वर्षभर शिकवला तरी तोंडात येत नाही, आणि ‘येत असे’ला ‘यूज्ड टू कम’ असे समोर ठेवले की दहा मिनिटांत बसतो. बीडीडी चाळी घ्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी या चार ठिकाणी त्या १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या, खोली १६० चौरस फुटांची, आणि त्यात कुटुंबाबरोबर गावाकडून आलेले पाहुणेही राहत असत. आता त्यांतील पहिल्या तीन ठिकाणी पुनर्विकास चालू आहे. पूर्वीचे आणि आताचे, दोन्ही काळ एकाच विषयात आले. पापड, लोणचे, बोंबील सुकवणे असा कृतीचा विषय घेतला की पॅसिव्हला प्रथमच खरे काम मिळते, कारण तेथे करणारा महत्त्वाचा नसतो.

आपल्या मराठीमुळे होणाऱ्या काही चुकाही आधीच ठाऊक असलेल्या बऱ्या. आपल्या ‘च’चे ओझे मुले ‘ओन्ली’वर टाकतात: ‘आय टोल्ड हिम ओन्ली’. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ या दोन्हींना इंग्रजीत एकच ‘वी’ असल्यामुळे बाहेरच्या पाहुण्याला ‘वी डू लाइक धिस’ म्हटल्यावर त्यात आपण धरलेलो आहोत की नाही हे कळत नाही. ‘इन अवर चाळ, वी’ असे सुरू करायला शिकवावे. आणि ‘बसा’ मधील आदर ‘यू सिट’ मध्ये पूर्ण नाहीसा होतो. मुलाच्या मनात आदर असतो, ऐकणाऱ्याला तो हुकूम वाटतो. ‘प्लीज हॅव अ सीट’ हे एक वाक्य मी पहिल्याच दिवशी घेते. ‘व’चे दोन उच्चार वगैरे गोष्टींवर मात्र फार वेळ घालवू नये, असे माझे मत आहे. शब्दातील आघात चुकला तर माणूस समजत नाही, ‘व’ चुकला तर समजतो.

फ्रंट_ऑफिस_कुलाबा

मी अशाच एका वर्गाचा विद्यार्थी होतो, म्हणून थोडेच लिहितो. मला वर्गात टॅक्सीला लटकवलेल्या लिंबू-मिरचीवर बोलायला सांगितले होते. मला तेव्हा ते फालतू वाटले होते आणि मी तसे म्हणूनही दाखवले होते. आज मी हॉटेलात स्वागतकक्षात काम करतो. तिसऱ्याच दिवशी एका पाहुण्यांनी दाराबाहेरच्या टॅक्सीकडे बोट करून विचारले, ते काय आहे? माझ्याजवळ उत्तर तयार होते. त्यांनी पुढे विचारले, तुमचा यावर विश्वास आहे का? हा प्रश्न वर्गात कोणी विचारला नव्हता. मी सांगितले, ‘माय मदर बिलीव्ज. आय ओन्ली बाय द लेमन.’ ते खूप हसले. (येथे ‘ओन्ली’ बरोबर आहे ना, व्याकरणताई?)

एक तक्रार मात्र आहे. आमच्या वर्गात ‘स्थानिक संस्कृती’ म्हणजे गणपती, दहीहंडी आणि मोदक एवढेच होते. माझ्या शेजारी मदनपुऱ्याची एक मुलगी बसायची. तिचे आजोबा हातमागावरचे विणकर होते, पण तिला दिलेला विषय होता मोदक. तिने इंटरनेटवरून पाहून सांगितला.

ठाणे_निवृत्त_प्रशिक्षक

फ्रंट ऑफिस यांची तक्रार रास्त आहे आणि माझ्याकडून ती सुटली होती. गिरणगाव कोकणातून आणि घाटावरून आलेल्यांचे, तसेच तेलुगू पद्मशालींचे आणि उत्तरेकडून आलेल्या मुस्लीम विणकरांचेही. विषय शिक्षकाने वाटूच नयेत. ६ डिसेंबरला दादरला पुस्तकांच्या स्टॉलवर उभा राहणारा मुलगा तुमच्या वर्गात असेल, तर त्याच्या विषयाची यादी तुमच्या-माझ्यापेक्षा वेगळी असणार.

परळची शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. शिवडीकर, आपले लिहिणे वाचून गिरणीच्या गटाची प्रश्नावली मी रद्द केली आहे. आपली हरकत नसेल, तर दोन मुले आपल्या वडिलांना फक्त ती गाठ पाहायला भेटतील. मोबाइल खिशात राहतील, हा माझा शब्द.

मूल्यमापनाचे मी असे ठरवते आहे: पहिल्या दिवशी प्रत्येकाचे दोन मिनिटांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवायचे, शेवटी त्याच विषयावर पुन्हा, आणि दोन्ही त्याचे त्याला ऐकवायची. निम्मे गुण मात्र पाहुण्यांच्या हाती. पाहुण्याने ऐकलेले मला परत सांगायचे. त्यातील जेवढे बरोबर आले तेवढे बोलणाऱ्याचे.

विषय निवडायला सांगितले तेव्हा पोळीभाजी केंद्राच्या ताई आधी म्हणाल्या, ‘माझ्याकडे कसली आलीय संस्कृती?’ मी त्यांना खाणावळी चालवणाऱ्या बायकांविषयी सांगितले, आणि प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले तेही सांगितले. त्यांच्या सासूबाई वीस माणसांचा डबा करत असत, हे मग हळूच बाहेर आले. त्यांनी विषय घेतला घडीची पोळी.

परवा चाचणी म्हणून जवळच्या रुग्णालयातील एका परिचारिकेला बोलावले होते. कोट्टयमहून येऊन तिला दोन महिने झाले आहेत. ताईंनी कणकेचा गोळा सोबत आणला होता. लाटी लाटली, तेलाचे बोट फिरवले, चिमूटभर पीठ भुरभुरले, घडी घातली, पुन्हा घडी घालून त्रिकोण केला आणि हे सगळे तोंडातून एक शब्द न काढता केले. मी मनात म्हटले, संपले. तेवढ्यात त्या मुलीने सहज विचारले, ‘ओके, सो धिस इज चपाती?’ (आमच्याकडे अर्धा वर्ग पोळीलाच चपाती म्हणतो, तो वाद वेगळा.) ताई लाटणे खाली ठेवून म्हणाल्या, ‘नो, नो. चपाती इज प्लेन. धिस हॅव लेयर. यू ओपन, यू सी. माय मदर-इन-लॉ, ट्वेंटी मॅन, एव्हरी डे, ऑल लेयर!’ आणि पुढे चार-पाच मिनिटे थांबल्याच नाहीत.

मी त्यांना मध्ये थांबवून ‘हॅव’ दुरुस्त केले नाही. करायला हवे होते का?

व्याकरणाची_वही

मुळीच नाही. मात्र ताईंची तीच वाक्ये तशीच वहीत उतरवून ठेवा आणि पुढच्या वर्गात फळ्यावर लिहून ताईंनाच विचारा, यात कोठे काय बदलाल. ‘ट्वेंटी मॅन’ त्यांना स्वतःलाच दिसेल. ‘हॅव’ कदाचित शेजारचा सांगेल. ‘यूज्ड टू’ मात्र तुम्ही द्या. सासूबाई रोज करत असत, तेव्हा ते तेथे हवेच आहे.